महाश्वेतादेवी आणि वंचितांच्या कादंबरीचा प्रश्न

प्रश्नाची मांडणी

बंगाली कादंबरीत मासेमार, कहार, डोम, मुंडा, शबर, राजबंशी अशा समूहांचे चित्रण विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून सातत्याने होत आले आहे. हे लेखन मुख्यतः ब्राह्मण, कायस्थ आणि वैद्य या जातींतून आलेल्या शिक्षित वर्गाने, म्हणजे बंगालमध्ये ज्याला ‘भद्रलोक’ म्हटले जाते त्या वर्गाने केले. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्यांच्यातील फार थोड्यांना ते वाचता येण्याची शक्यता होती, आणि त्याला लेखी उत्तर देण्याची साधने तर त्याहून थोड्यांच्या हाती होती. या विषमतेतून उभा राहिलेला प्रश्न आज समीक्षेत अनेक नावांनी चर्चिला जातो. पण त्याचे साधे रूप असे आहे की, दुसऱ्याचे जगणे लिहिण्याचा अधिकार लेखकाला कशाच्या बळावर मिळतो, तो कोणत्या अटींवर टिकतो, आणि ज्यांचे जगणे लिहिले गेले त्यांच्या पदरात अशा लेखनाने काय पडते.

या चर्चेत सर्वाधिक वेळा घेतले जाणारे नाव महाश्वेतादेवी (१९२६–२०१६) यांचे आहे. ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीला १९७९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार, १९९६ चा ज्ञानपीठ आणि १९९७ चा मॅगसेसे पुरस्कार असा त्यांचा गौरव झाला. मात्र त्यांचे लेखन वादाच्या केंद्रस्थानी येण्याचे कारण पुरस्कारांत नाही. भद्रलोक घरातली ही लेखिका आपल्या पात्रांच्या समाजात कार्यकर्ती म्हणून वावरली, त्यांच्या वतीने न्यायालयात गेली, त्यांच्यातल्या माणसांना लिहिते करण्यासाठी नियतकालिक चालवले, आणि हे सर्व करूनही ‘तुम्ही आमच्याविषयी का लिहिता?’ हा प्रश्न तिच्यापुढे शिल्लक राहिला. म्हणून तिच्या निमित्ताने या संपूर्ण प्रश्नाची आजची स्थिती तपासता येते.

पूर्वपीठिका: दोन नद्या आणि एक वळण

महाश्वेतादेवींच्या आधीच्या परंपरेत माणिक बंद्योपाध्याय यांची ‘पद्मा नदीर माझि’ (१९३६) आणि अद्वैत मल्लबर्मन यांची ‘तितास एकटि नदीर नाम’ (१९५६) या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. माणिकबाबू जन्माने ब्राह्मण, मनाने शास्त्रीय चिकित्सेकडे आणि पुढे मार्क्सवादाकडे झुकलेले. त्यांचा कुबेर माझी हा दारिद्र्याने आणि वासनेने ओढला जाणारा माणूस आहे. होसेन मियाँच्या मयनाद्वीप या बेटाकडे त्याचे जाणे अटळ वाटावे अशी त्या कादंबरीची बांधणी आहे, आणि मासेमारांचे सामूहिक जीवन तिच्यात कुबेरच्या नशिबाची पार्श्वभूमी म्हणून येते.

मल्लबर्मन स्वतः मालो या मासेमार जातीचे. ब्राह्मणबाडियाजवळच्या गोकर्णघाट येथे १९१४ मध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षणाचा खर्च वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून उचलला. पुढे ते कोलकात्यात पत्रकार झाले आणि १९५१ मध्ये क्षयाने वारले. त्यांची कादंबरी पुस्तकरूपाने आली ती मृत्यूनंतर पाच वर्षांनी. तिच्यात किशोर, बासंती, अनंत ही पात्रे आहेत, परंतु कादंबरीचा खरा नायक मालोपाडा हा समूह आहे. जाळे विणणे, नाव रंगवणे, माघातले व्रत, होळीतली गाणी यांचे तपशील तिथे वर्णनाच्या हौसेने आलेले नाहीत. समूह ज्याच्या आधारे स्वतःला समूह म्हणून ओळखतो ती सामग्री म्हणून ते आले आहेत. त्यामुळे कादंबरीतला विनाश दोन टप्प्यांनी होतो. नदी गाळाने भरून कोरडी पडण्याच्या आधीच वरच्या जातींच्या आश्रयाने आलेली जात्रा, म्हणजे फिरती संगीत नाटके, मालोंची स्वतःची गाणी मागे ढकलते, आणि गाणी गेल्यावर वस्तीची एकी जाते. मासेमारांच्या नाशाचे सांस्कृतिक कारण आर्थिक कारणाच्या आधी ठेवण्याची ही दृष्टी बाहेरच्या निरीक्षकाला सहज सुचणारी नाही. स्वानुभवाच्या बाजूने जो युक्तिवाद पुढे उभा राहिला, त्याचा सर्वांत भक्कम आधार अजूनही हीच कादंबरी आहे.

या दोहोंच्या मध्ये ताराशंकर बंद्योपाध्याय यांची ‘हाँसुली बाँकेर उपकथा’ (१९४७) येते. बीरभूममधल्या कोपाई नदीच्या वळणावर राहणाऱ्या, पालखी वाहणाऱ्या कहारांची ही कथा असून, परंपरा जपणारा मुखिया बनवारी आणि रेल्वेच्या कामावर जाणारा कराली यांच्या संघर्षातून ती पुढे सरकते. ताराशंकर लाभपूरच्या जमीनदार घराण्यातले होते. कहारांची बोली, दैवते आणि भये यांची त्यांना असलेली जाण थक्क करणारी आहे. तरीही मोडत्या जगाविषयीची त्यांची हळहळ कहारांची किती आणि जमीनदाराची किती, असा प्रश्न समीक्षकांनी वेळोवेळी उपस्थित केला आहे. सतीनाथ भादुडी यांनी ‘ढोँडाइ चरित मानस’मध्ये (१९४९, १९५१) बिहारच्या पूर्णिया भागातल्या तात्मा जातीच्या मुलाला तुलसीदासांच्या रामकथेच्या घाटात नायक केले. पुढे देबेश राय यांच्या ‘तिस्तापारेर वृत्तांत’ने (१९८८) उत्तर बंगालातल्या राजबंशी बाघारूला धरणाच्या आणि विकासाच्या राजकारणासमोर उभे केले, तर अभिजित सेन यांनी ‘रहु चंडालेर हाड’मध्ये भटक्या बाजीकरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रवास मांडला. महाश्वेतादेवी या प्रवाहातल्या एकट्या नाहीत, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यावरच्या चर्चेत ते बऱ्याचदा विसरले जाते.

महाश्वेतादेवींची वाट

ढाक्यात जन्मलेल्या महाश्वेतादेवींचे वडील मनीष घटक हे कवी-कथाकार, काका ऋत्विक घटक हे चित्रपट दिग्दर्शक, आणि पहिले पती बिजन भट्टाचार्य हे १९४३ च्या दुष्काळावरील ‘नबान्न’ नाटकाचे लेखक होते. ‘तितास’वरचा १९७३ चा चित्रपट ऋत्विक घटकांचाच, म्हणजे मल्लबर्मनांचा प्रश्न या घराच्या उंबरठ्याच्या आतला होता. महाश्वेतादेवींचे पहिले पुस्तक झाशीच्या राणीवरचे (१९५६). तांबे घराण्यातल्या या मराठी मुलीचे चरित्र लिहिताना त्या बुंदेलखंडात हिंडल्या आणि कागदपत्रांच्या जोडीला लोकगीते व लोकांच्या आठवणीही त्यांनी पुरावा म्हणून स्वीकारल्या. ही पद्धत त्यांनी पुढे कधी सोडली नाही.

नक्षलवादी चळवळीत मारल्या गेलेल्या मुलाच्या आईची ‘हाजार चुराशिर मा’ (१९७४) ही त्यांची सर्वांत लोकप्रिय कादंबरी असली तरी ती मुख्यतः भद्रलोक घराच्या आतली गोष्ट आहे. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक पुस्तक ‘अरण्येर अधिकार’ (१९७७) हे आहे. छोटा नागपूरच्या मुंडांमध्ये ज्या कुळाने जंगल तोडून जमीन केली त्या कुळाची तिच्यावर सामूहिक मालकी मानण्याची ‘खुंटकट्टी’ ही रीत होती. ब्रिटिश महसूल व्यवस्था आणि तिच्याबरोबर आलेले जमीनदार, सावकार, ठेकेदार यांनी, म्हणजे मुंडा ज्यांना ‘दिकू’ म्हणतात त्या परक्यांनी, ही रीत मोडीत काढली. त्याविरुद्ध १८९९–१९०० मध्ये बिरसा मुंडा यांच्या नेतृत्वाखाली ‘उलगुलान’, म्हणजे मोठा उठाव झाला. कादंबरीची सुरुवात ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात झालेल्या बिरसाच्या मृत्यूने होते. शेवट आधी सांगून टाकल्यामुळे वाचकाचे लक्ष ‘काय झाले’ यावरून ‘का झाले’ याकडे वळते. कुमार सुरेश सिंह या प्रशासकीय अधिकारी आणि मानववंशशास्त्रज्ञाने बिरसाच्या चळवळीवर केलेल्या संशोधनाचे ऋण लेखिकेने उघडपणे मान्य केले आहे.

या पुस्तकाची तारीख महत्त्वाची आहे. रणजित गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सबाल्टर्न स्टडीज’ ही ग्रंथमाला सुरू केली ती १९८२ मध्ये. राष्ट्रवादी आणि वसाहतवादी अशा दोन्ही इतिहासांत ज्यांना स्वतंत्र कर्तेपण नाकारले गेले, त्या खालच्या थरातल्या लोकांना ही मंडळी ‘सबाल्टर्न’ म्हणतात. आदिवासी बंडाला स्वतःचे तर्कशास्त्र असते, ते केवळ पोटाच्या भुकेने पेटत नाही, हे गुहांनी १९८३ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. बंगाली कादंबरीने ते त्याआधी सहा वर्षे कथेतून मांडून ठेवले होते.

‘चोट्टि मुंडा एबं तार तीर’ (१९८०) ही कादंबरी बिरसाच्या मृत्यूनंतरचा काळ आणीबाणीपर्यंत आणते. तिचा नायक धनुर्धर असला तरी त्याची मोठी ताकद वाट पाहण्यात, वाटाघाटी करण्यात आणि आपल्या लोकांना जिवंत ठेवण्यात आहे. म्हणून ‘अरण्येर अधिकार’हून ती अधिक परिपक्व ठरते. याच काळात महाश्वेतादेवी पलामू जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीच्या कामाशी जोडल्या गेल्या. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली होती. पलामूत ती चालूच होती.

दस्तऐवज की कलाकृती

महाश्वेतादेवींवरचा सर्वांत जुना आक्षेप वाङ्मयीन आहे. त्यांच्या कथांत सरकारी आकडे, कायद्यांची कलमे, मजुरीचे दर, रस्त्यांची नावे यांची गर्दी होते, पात्रे नमुन्यादाखल उभी राहतात, जमीनदार-पोलीस-ठेकेदार यांची साखळी दर कथेत पुन्हा भेटते, आणि त्यामुळे हे लेखन कथेपेक्षा वार्तापत्राच्या जवळ जाते, असे या बाजूचे म्हणणे आहे. भरपूर लिहिणाऱ्या लेखिकेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. घाईने लिहिलेल्या काही कथा वाचताना पुढचे पान आधीच कळते.

दुसरी बाजू असे मांडते की तपशिलांची ही दाटी हाच त्यांच्या कलेचा घाट आहे, कारण वंचिताचे आयुष्य ज्या गोष्टी ठरवतात त्या कर्जाच्या चिठ्ठीवर आणि जमिनीच्या नोंदीत असतात. या मताची कसोटी ‘दौलती’ या दीर्घकथेवर पाहता येते. पलामूतल्या नागेसिया जमातीचा एक माणूस थोड्या कर्जापोटी वेठबिगार होतो. मालकाने बैलाच्या जागी त्याला गाडीला जुंपल्याने तो अपंग होतो. लग्नाच्या बहाण्याने त्याच्या मुलीला, दौलतीला, नेले जाते आणि कुंटणखान्यात ठेवले जाते. तिच्या शरीराच्या कमाईतून कर्ज फिटत नाही, वाढत जाते. हा हिशेब कथेत कोरडेपणाने, वर्षामागून वर्ष मांडलेला आहे. शेवटी रोगाने पोखरलेली दौलती चालत घरी निघते, रात्री एका शाळेच्या अंगणात आडवी होते आणि मरते. मास्तरांनी स्वातंत्र्यदिनासाठी त्या अंगणात भारताचा नकाशा आखलेला असतो, आणि झेंडा लावायला जागा उरत नाही. नकाशाची ही प्रतिमा एरवी उघड वाटली असती. ती उघड वाटत नाही याचे श्रेय आधीच्या हिशेबाला आहे, कारण दौलतीच्या मृत्यूपर्यंत पोचेतो वाचकाने तो देश आकड्यांत पाहिलेला असतो. उत्तम कथांत दस्तऐवज आणि कला यांची अशी फोड करता येत नाही, आणि म्हणून या आक्षेपाचा निकाल एकंदर लेखनाविषयी न लावता कथेगणिक लावावा लागतो.

सिद्धान्तनाची बाजू

महाश्वेतादेवींचे नाव बंगालबाहेर आणि भारताबाहेर नेण्यात गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांच्या अनुवादांचा आणि टीकालेखनाचा वाटा मोठा आहे. स्पिव्हाक यांनी १९८१ मध्ये ‘द्रौपदी’ या कथेचा इंग्रजी अनुवाद प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. त्यांचा ‘सबाल्टर्नला बोलता येते का?’ हा निबंध १९८८ मधला. सबाल्टर्न बोलत नाही असे त्या निबंधाचे म्हणणे नव्हते; तिचे बोलणे ऐकून घेतले जाईल अशी व्यवस्थाच अस्तित्वात नसते, आणि तिच्या वतीने बोलणारा अभ्यासक स्वतःला पारदर्शक समजू लागतो तेव्हा तो तिला दुसऱ्यांदा गप्प करतो, असा त्याचा आशय होता.

‘द्रौपदी’ कथेत दोपदी मेझेन ही संथाळ बंडखोर पकडली जाते, सेनानायकाच्या हुकमावरून तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो, आणि सकाळी ती वस्त्र नाकारून तशीच सेनानायकासमोर येऊन उभी राहते. हा सेनानायक अडाणी क्रूरकर्मा नाही. तो शत्रूला समजून घेणारा, वाचन असलेला माणूस आहे. स्पिव्हाक यांनी त्याच्यात पहिल्या जगातल्या विद्वानाची छाया पाहिली: समजून घेणे आणि नष्ट करणे या दोन क्रिया एकाच बुद्धीतून होऊ शकतात. हे वाचन प्रभावी आहे आणि पुढच्या स्त्रीवादी व वसाहतोत्तर समीक्षेवर त्याचा खोल ठसा आहे.

त्याविरुद्धचे आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. या समीक्षेमुळे महाश्वेतादेवींच्या विपुल लेखनातल्या मोजक्याच कथा विद्यापीठांत वाचल्या जातात, त्या बंगाली साहित्याच्या संदर्भातून उचलून जागतिक सिद्धान्ताच्या संदर्भात ठेवल्या जातात, आणि ताराशंकर किंवा सतीनाथ यांच्याशी असलेले त्यांचे नाते वाचकापर्यंत पोचतच नाही, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. खुद्द लेखिकेने आपल्यावरची ‘स्त्रीवादी’ ही ओळख स्वीकारली नाही. वर्ग आणि भूक यांना तिने आधीचे स्थान दिले. ‘स्तनदायिनी’ ही पोटासाठी दुसऱ्यांची मुले पाजणाऱ्या ब्राह्मण यशोदेची कथा तिने स्वातंत्र्योत्तर भारताचे रूपक म्हणून सांगितली, तर स्पिव्हाक यांनी त्या अर्थाला बाजूला सारून कष्ट करणाऱ्या स्त्रीच्या शरीराकडे लक्ष वेधले. दोन्ही वाचने कथेला पेलतात.

लेखिकेला आपल्या मर्यादेची जाणीव होती का, या प्रश्नाचे उत्तर ‘टेरोड्याक्टिल, पूरणसहाय ओ पिरथा’ या लघुकादंबरीत मिळते. मध्य प्रदेशातल्या दुष्काळी आदिवासी भागात गेलेल्या पूरण या पत्रकाराला एका मुलाने भिंतीवर काढलेला नामशेष पंखधारी प्राणी भेटतो. गाव त्याला आपल्या पूर्वजांचा आत्मा मानते. पूरण त्याला जगवू शकत नाही, त्याची भाषा त्याला कळत नाही, आणि तो बाहेरच्या जगाला त्याची बातमीही देत नाही. आदिवासी जगण्याचा एक गाभा बाहेरच्या लेखणीला कळणार नाही आणि तो कळल्याचा आवही तिने आणू नये, असे इतक्या स्पष्टपणे मांडणारी दुसरी भारतीय कादंबरी सापडणे कठीण आहे.

स्वानुभवाचा दावा

तिसरी बाजू दलित आणि आदिवासी लेखकांची आहे, आणि आज चर्चेचा जोर तिच्याकडे सरकला आहे. ‘बंगालमध्ये जात नाही, वर्ग आहे’ ही समजूत भद्रलोक बुद्धिजीवींमध्ये दीर्घकाळ रूढ होती. तिला छेद देणारा इतिहास जुना आहे. पूर्व बंगालातल्या नामशूद्रांमध्ये हरिचाँद ठाकूर (१८१२–१८७८) आणि त्यांचे पुत्र गुरुचाँद यांनी मतुआ पंथाद्वारे धर्म आणि शिक्षण यांची चळवळ उभी केली होती. फाळणीने हा समाज दोन देशांत आणि नंतर दंडकारण्यासारख्या दूरच्या छावण्यांत पांगला, आणि संघटित दलित राजकारणाची शक्ती मोडली, असे इतिहासकार शेखर बंद्योपाध्याय दाखवतात. दंडकारण्यातून परत आलेल्या निर्वासितांना सुंदरबनातल्या मरिचझाँपी बेटावरून १९७९ मध्ये बळाने हुसकावले गेले, तरी या घटनेची बंगाली साहित्यात ठळक नोंद होण्यास बराच काळ जावा लागला.

१९९२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. लोधा-शबर जमातीतली पहिली पदवीधर स्त्री चुनी कोटाल हिने विद्यापीठातल्या अपमानास्पद वागणुकीनंतर ऑगस्टमध्ये आत्महत्या केली, आणि त्याच वर्षी बांगला दलित साहित्य संस्था स्थापन झाली. या चळवळीपुढे मराठी दलित साहित्याचा आदर्श होता. दलितत्वाच्या अनुभवाशिवाय दलित साहित्य निर्माण होत नाही, आणि त्या साहित्याचे मोल आनंदाच्या निकषावर न करता स्वातंत्र्य, समता, न्याय या मूल्यांवर करावे, ही शरणकुमार लिंबाळे यांनी मांडलेली भूमिका बंगाली दलित लेखकांच्या युक्तिवादाशी जवळची आहे. बंगालीत दलित लेखन आहे का, हा प्रश्न मनोरंजन ब्यापारी यांनी २००७ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकातल्या लेखातून देशभरातल्या वाचकांपुढे ठेवला. ते आहे, पण त्याला प्रकाशक, समीक्षक आणि वाचक मिळू दिले गेले नाहीत, असे त्यांचे उत्तर होते. मनोहर मौली विश्वास, जतीन बाला आणि स्वतःच्या नावात ‘चाँडाल’ हा हिणवणुकीचा शब्द जाणीवपूर्वक धारण करणाऱ्या कल्याणी ठाकूर यांच्या आत्मकथनपर लेखनाने त्या उत्तराला पुरावा जोडला.

महाश्वेतादेवींच्या लेखनावर या बाजूने दोन रास्त आक्षेप निघतात. त्यांचा आदिवासी बहुतांशी बंडखोर किंवा बळी असतो. शिकणारा, नोकरी करणारा, आपल्याच समाजातल्या रूढींशी भांडणारा, चेष्टा-मस्करी करणारा आदिवासी त्यांच्याकडे क्वचित भेटतो. दुसरे असे की त्यांच्या गाजलेल्या कथांचा मुलूख रांची, पलामू, सिंहभूम हा आहे. खुद्द बंगालच्या सपाटीवरची, भद्रलोकांच्या शेजारची अस्पृश्यता त्या मानाने कमी येते. डोम स्त्रीवरची ‘बायेन’ ही कथा या दुसऱ्या आक्षेपाला मोठा अपवाद आहे. मेलेली मुले पुरण्याचे पिढीजात काम करणाऱ्या चंडीदासीला गाव चेटकीण ठरवते आणि नवरा व मुलगा तिला दुरावतात. दरोडेखोरांच्या हातून होणारा रेल्वेचा अपघात टाळताना ती मरते, आणि सरकारी कागदावर आईचे नाव लिहायची वेळ येते तेव्हा मुलगा तिला आपली म्हणतो. चित्रा पालेकर यांनी याच कथेवर ‘माती माय’ हा मराठी चित्रपट केला, हे मराठी वाचकांना आठवत असेल.

‘वर्तिका’ आणि शबर समिती

या तिन्ही बाजूंच्या चर्चेत महाश्वेतादेवींच्या संपादकीय आणि संघटनात्मक कामाला दिले जाणारे स्थान फार अपुरे आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांनी ‘वर्तिका’ हे वडिलांचे नियतकालिक हाती घेतले आणि त्याचे स्वरूप बदलून टाकले. शेतमजूर, कारखान्यातले कामगार, आदिवासी, रिक्षावाले यांनी स्वतःच्या गावाविषयी आणि कामाविषयी लिहावे, अशी योजना केली. त्या ज्या महाविद्यालयात शिकवत होत्या त्या परिसरात रिक्षा ओढणारे मनोरंजन ब्यापारी त्यांना प्रवासी म्हणून घेऊन निघाले होते. तुरुंगात अक्षर ओळखायला शिकलेला हा माणूस वाचतो, हे कळल्यावर त्यांनी त्याला ‘वर्तिका’साठी लिहायला सांगितले, आणि १९८१ च्या सुमारास त्याचे पहिले लेखन तिथे छापून आले. तोच पुढे ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ या आत्मकथनाचा लेखक, पश्चिम बंगाल दलित साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष आणि २०२१ मध्ये विधानसभेचा सदस्य झाला. दलित लेखनाचा दावा करणारा लेखक आणि जिच्या लेखनासमोर तो दावा उभा केला जातो ती लेखिका यांचे नाते असे थेट असल्यामुळे ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ अशी सरळ विभागणी या प्रकरणात टिकत नाही.

पुरुलियातल्या खेडिया शबरांच्या कल्याण समितीशी असलेला त्यांचा संबंध हा याच कामाचा दुसरा भाग. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले, पण पोलीस ठाण्यांतली नजर बदलली नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये बुधन शबर हा तरुण पोलीस कोठडीत मरण पावला. समितीने कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि न्यायालयाने भरपाईचा व चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, भाषा-अभ्यासक गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी बडोद्यात विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला, आणि अहमदाबादच्या छारानगरातल्या, छारा या विमुक्त जमातीच्या तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवून ‘बुधन थिएटर’ उभे केले. पुरुलियातल्या एका मृत्यूचे हे नाटक गुजरातेतल्या छारांनी स्वतःचे म्हणून केले, आणि त्यामागच्या संघटनेत एक बंगाली कादंबरीकार आणि एक मराठी आत्मकथनकार बरोबरीने बसले होते.

न सुटलेले मुद्दे

भाषेचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. मुंडारी, संथाळी किंवा खेडिया शबरांच्या बोलीत घडलेले जगणे महाश्वेतादेवी बंगालीत लिहितात. त्यांनी प्रमाण बंगालीत बोली, हिंदी, कचेरीची भाषा आणि इंग्रजी यांची सरमिसळ करून एक खडबडीत गद्य घडवले, परंतु मुंडाच्या तोंडची बोली ही अखेर लेखिकेची रचना आहे. संथाळांसाठी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ओल चिकी लिपी तयार केली, आणि २००३ मध्ये संथाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तरीही संथाळी साहित्य आणि संथाळांवरचे बंगाली साहित्य यांचा तौलनिक अभ्यास अजून बाल्यावस्थेत आहे.

रूपांतरांविषयीही मतभेद आहेत. ‘रुदाली’ या कथेत शनिचरी धंदेवाईक रडण्याला आपल्या हाती आलेले हत्यार बनवते आणि गावाबाहेरच्या वेश्यांना त्यात सामील करून घेते; १९९३ च्या हिंदी चित्रपटाने कथा राजस्थानात नेली आणि तिला वैयक्तिक दुःखाचे रूप दिले. चित्रपटामुळे ही कथा लाखो लोकांपर्यंत पोचली, आणि पोचताना तिच्यातला संघटनेचा मुद्दा गळाला.

लेखिकेच्या राजकीय भूमिकांचे मूल्यमापनही एकमताने झालेले नाही. डाव्या आघाडीच्या सरकारवर त्यांनी आदिवासींच्या प्रश्नावरून सातत्याने टीका केली, आणि सिंगूर-नंदीग्रामच्या भूसंपादनाविरुद्ध त्या उतारवयात उभ्या राहिल्या. काहींना त्यात त्यांच्या लेखनाशी असलेली सुसंगती दिसते, तर नंतरच्या सत्ताधाऱ्यांशी असलेली त्यांची जवळीक काहींना खटकते. हा वाद त्यांच्या कथांच्या वाचनात आणण्याचे कारण नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यासक्रमातून ‘द्रौपदी’ वगळण्यात आली. त्याच वेळी बामा आणि सुकीर्तराणी या तमिळ दलित लेखिकांचे साहित्यही काढले गेले. समीक्षेने ‘बाहेरची’ आणि ‘आतल्या’ म्हणून वेगळ्या ठेवलेल्या लेखिका तिथे एकाच निर्णयाने बाहेर पडल्या, आणि त्याविरुद्ध उठलेल्या आवाजात दोन्ही बाजूंचे लोक होते.

उपलब्ध पुराव्यावरून असे म्हणता येते की महाश्वेतादेवींची श्रेष्ठ पुस्तके ‘चोट्टि मुंडा’, ‘दौलती’, ‘बायेन’ आणि ‘टेरोड्याक्टिल’ ही आहेत, ‘अरण्येर अधिकार’चे महत्त्व वाङ्मयीन गुणापेक्षा ऐतिहासिक आहे, आणि लिहिण्याच्या अधिकाराचा प्रश्न त्यांनी कादंबऱ्यांपेक्षा ‘वर्तिका’च्या पानांवर अधिक पुढे नेला. म्हणून त्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांचे संकलन आणि अभ्यास हे पुढच्या संशोधनाचे पहिले काम ठरावे. भटक्या-विमुक्तांच्या स्वकथनांची समृद्ध परंपरा असलेल्या मराठीने या कामात भाग घेण्यास सबळ कारण आहे: महाश्वेतादेवींच्या जोडीने मल्लबर्मन, ब्यापारी आणि कल्याणी ठाकूर थेट बंगालीतून मराठीत आणावेत, आणि ते ‘उचल्या’शेजारी ठेवून वाचावेत, अशी मराठीतल्या अनुवादकांना, प्रकाशकांना आणि विद्यापीठांतल्या अभ्यासमंडळांना विनंती आहे.